विमल, तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही

विमल, मी गेल्यावर माझ्याशी बोलत बसू नकोस, असं तू मला बजावलं होतंस. फोटोशी तर अजिबात नको, म्हणालीस. "तिथं कोणी नसेल, भारती. उगीच तोंड दुखवून घेशील." आणि मी आज तेच करते आहे. फोटो समोर ठेवलेला नाही, तेवढं तुझं ऐकलं.

तू गेल्यापासून मला कुठे धड बसवत नाही. शिक्षकखोलीत बसले की वर्गात जावंसं वाटतं, वर्गात गेले की घंटा कधी होते याकडे कान लागतात, आणि घरी आले की पुन्हा बाहेर पडायला काहीतरी निमित्त शोधते. तुझ्या खुर्चीवर अजून कोणी बसत नाही. सगळे तिला वळसा घालून कपाटाकडे जातात. परवा शाळा सुटल्यावर रिक्षावाल्याने "मॅडम, किधर?" विचारलं आणि माझ्या तोंडातून "टेमघर" निघून गेलं. रिक्षा कल्याण रोडला लागली, तुझ्या गल्लीचा कोपरा दिसायला लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "भैया, वापस लो. मानकोली जाना है." तो चिडला. "पहले बोलना था ना मॅडम." बरोबर होतं त्याचं.

तू आमच्या शाळेत आलीस तेव्हा मागच्या गाळ्यांमध्ये कापड विणायचे लूम चालायचे. दिवसभर खटखट. आम्ही बाकीचे त्या आवाजाला कंटाळून फळ्यावर लिहूनच काम भागवायचो. तू आलीस आणि पहिल्याच तासाला तुझा आवाज भिंतीपलीकडून माझ्या वर्गात आला. चौथीची पोरं तुझ्यामागून कविता म्हणत होती. मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "बाई, जरा हळू." तू डबा उघडता उघडता म्हणालीस, "लूमवाल्याला सांगितलंत का कधी, जरा हळू म्हणून?" तिथून आपलं सुरू झालं.

पुढे ते लूम बंद पडले आणि भंगारात गेले. तुझे मिस्टर, सुनीलदादा, तिथेच जॉबर होते, बिघडलेला लूम त्यांच्या हाताखालून गेला की चालू व्हायचा. मग ते राहनाळच्या एका गोदामात ड्युटीला लागले, गेटवर. त्या दिवसांत शाळा एकदम गप्प झाली आणि तुझा आवाज विनाकारण मोठा वाटायला लागला. मी म्हटलं, आता तरी हळू बोल. तू म्हणालीस, "चालू होते तेव्हा तरी कायमचे कुठं होते?" आणि मग तोंड फिरवून बराच वेळ वह्या तपासत राहिलीस. अनित्य हा शब्द तू माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारलास तो त्या दिवशी. डोळे पुसता पुसता. मला ते तेव्हा विसंगत वाटलं होतं.

आमच्या घरी तू पहिल्यांदा आलीस तो दिवस मला लिहायलाच हवा, कारण तो गाळला तर पुढचं काही खरं वाटणार नाही. आम्ही आगरी. खाडीकाठची शेती गोदामांत गेली, घरं दुमजली झाली, आणि जुन्या सवयी नव्या टाइल्सवर तशाच येऊन बसल्या. तू बौद्ध, हे आईला ठाऊक होतं. तिने तुला ओटीवर बसवलं आणि चहा आणला तो कान तुटलेल्या कपात. आमचे कप स्टीलचे. तू कपाकडे पाहिलंस आणि शांतपणे विचारलंस, "मावशी, हा कप वेगळा ठेवलाय का?"

"असंच हाय ते," आई म्हणाली.

"मग चहा नको. गप्पा मारू."

आणि खरंच तू गप्पा मारल्यास, पावसाच्या, शाळेच्या, बाजाराच्या, आणि उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी शाळेत मला म्हणालीस, "तुझ्याशी माझं भांडण नाही. पण तुझ्या घरी मी येणार नाही." त्यानंतर कित्येक वर्षं आली नाहीस. आपण मात्र होतो तशाच राहिलो, डबे एकत्र, भांडणं एकत्र.

मग रुपेश गेला.

त्याच्याबद्दल तुला काय सांगायचं, तुला सगळं माहीत आहे. पण हे वाचणाऱ्या कुणाला माहीत नसेल. रुपेश माझा धाकटा भाऊ. मानकोलीच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. लहानपणापासून खाडीत पोहलेला. मी लग्न केलं नाही, वडील लवकर गेले, तेव्हा घरात आम्ही तिघंच, आणि घरातला आवाज म्हणजे रुपेश. अनंत चतुर्दशीला गावचा गणपती खाडीत न्यायला तो दर वर्षी पुढे असायचा. त्या वर्षी मूर्ती बुडवून परत येताना तराफ्यावरून एकाचा तोल गेला. रुपेशने उडी मारली, त्याला खालून वर ढकललं. तो वर आला. रुपेश आला नाही. ओहोटी लागलेली होती. अग्निशमनच्या होड्या फिरल्या, गावच्या होड्या फिरल्या, पार पुलाच्या पलीकडेपर्यंत पाहिलं. रुपेश मिळाला नाही. जिवंत नाही आणि तसाही नाही.

तू आलीस ती त्यानंतरच्या पहिल्या रविवारी. ओटीवरच्या बायकांमधून वाट काढत आलीस आणि दारात थांबलीस. आई उठली. तिने तुझा हात धरला आणि तुला थेट आत, चुलीपाशी नेलं. आमच्याच कपात चहा दिला. तू प्यायलीस. नंतर कधीतरी मी त्या तुटक्या कपाचा विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, "मी विसरलेले नाही, भारती. पण तो दिवस त्याचा नव्हता."

आईने रुपेश गेला असं मानलंच नाही. "पोहता येतं त्याला. लागला असंल कुठंतरी काठाला." चुलते आले, भटजींना घेऊन आले. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, म्हणजे मागच्यांचं मन मोकळं होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गवताला माजा पोर म्हनून जाळू कं मी?"

महिने गेले, वर्ष गेलं, त्यावर आणखी गेली. आई रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीचा भात काढायची. आणि तू दर रविवारी येत राहिलीस. आईबरोबर बसून बिरडं सोलायचीस. मोड आलेल्या वालाची सालं काढत आई रुपेशच्या गोष्टी सांगायची, त्याच त्या, आणि शेवटी म्हणायची, "येल त्यो." तू हो म्हणायची नाहीस, नाही म्हणायची नाहीस. पुढचा वाल उचलायचीस.

मला ते सहन व्हायचं नाही. एका सोमवारी शिक्षकखोलीत मी तुला गाठलं. म्हटलं, "तू तिला सांगत का नाहीस? तू विहारात जाऊन बायकांना शिकवतेस ना, सगळं अनित्य आहे म्हणून? मग माझ्या आईला सांग. ती तुझं ऐकेल."

"मी तिला शिकवायला येत नाही."

"मग कशाला येतेस?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मला वाटलं आता तू रागावशील. पण तू म्हणालीस, "तिने रडावं असं तुला वाटतंय, कारण ती रडल्याशिवाय तुला रडता येत नाही."

त्या वाक्यावर मी तुझ्याशी बोलणं टाकलं. सगळ्या शाळेला कळलं. तू एका टोकाला डबा खायचीस, मी दुसऱ्या. तरी रविवारी तू घरी यायचीस, आईकडे, आणि मी आतल्या खोलीत पुस्तक धरून बसायची. तिथूनच मी ते ऐकलं. आई तुला विमल म्हणायची नाही, इमल म्हणायची. "इमल," ती म्हणाली, "तुमच्यात काय सांगतात? गेलेलं मानूस कुठं जातं?"

मी पुस्तक खाली ठेवलं. आईच्या तोंडून "गेलेलं" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते.

तू म्हणालीस, "आमच्यात सांगतात मावशी, दिवा विझला की ज्योत कुठल्या दिशेला गेली, असं विचारत नाहीत."

सालं ताटात पडत राहिली. मग आई म्हणाली, "मंग काळोखात बसायचं कं?"

"हां. बसायचं. मी बसते की तुमच्यासंगं."

"माजा दिवा विझला न्हाय पन."

"बरं," तू म्हणालीस.

तेवढंच. तू तिला पटवायला गेली नाहीस. मी त्या दिवशी तुला रिक्षापर्यंत सोडायला आले, न बोलता. फाट्यावर कंटेनर एकामागोमाग एक उभे होते, रस्ता ओलांडता येत नव्हता. तिथे धुळीत उभी राहून तू मला तुझ्या पहिल्या मुलाचं सांगितलंस. तुझ्या मुलीच्या, प्रज्ञाच्या, आधी तुला एक मुलगा झाला होता आणि तो घरी यायच्या आधीच गेला, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. तू म्हणालीस, "दवाखान्यातच एक जण आले, आमच्यातलेच, मोठे, चांगले. त्यांनी मला अनित्य समजावून सांगितलं. शब्द खरा होता गं. पण मला तो त्यांच्या तोंडून नको होता. माझ्या छातीत दूध येत होतं आणि ते मला सांगत होते की सगळं जातं." मग ट्रक पुढे सरकला, रिक्षा आली आणि तू गेलीस. आपला अबोला कुणी मोडला हे ठरवायची गरजच राहिली नाही.

पण भांडण मिटलं नाही. ते आपण पुढे कित्येक महिने चालवलं, डबे खाताना, पेपर तपासताना. मी म्हणायचे, तो कुठेतरी असेलच. एवढा हसणारा, एवढा जागा व्यापणारा माणूस नुसता नाहीसा होईल कसा? तू म्हणायचीस, रुपेश म्हणजे कुठंतरी ठेवलेली वस्तू नाही, शोधून काढायला. तो म्हणजे त्याचं चालणं, बोलणं, चिडणं, तराफ्यावरून मारलेली उडी. "त्या उडीनं जो वर आला तो आज जिवंत आहे. त्याचं लग्न झालंय, मुलगी आहे. रुपेशनं केलेलं अजून चाललंय."

"मला केलेलं नको. मला रुपेश हवाय."

"हो," तू म्हणायचीस. "मलाही माझा पोरगा हवाय. हवं असणं जात नाही. तेच तर दुःख."

इथे आपण नेहमी थांबायचो. मला वाटायचं तू जिंकलीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर जिंकल्यासारखं कधी काही नसायचं.

नंतर तुझ्या पोटात दुखायला लागलं. पित्त म्हणून गोळ्या घेतल्यास, मग मोठ्या तपासण्या झाल्या, मग मुंबईला. आजाराचं नाव कळलं तेव्हा तो फार पुढे गेला होता. मी तुला भेटायला आले तेव्हा मनात कुठेतरी मी ठरवून टाकलं होतं की तू शांत असशील. इतकी वर्षं वंदना, इतकी वर्षं डोळे मिटून श्वास पाहणं. तू शांत नव्हतीस. तू सुनीलदादांवर चिडत होतीस, सूप नको म्हणून वाटी ढकलत होतीस. ते बाहेर गेल्यावर माझा हात पकडून म्हणालीस, "मला भीती वाटते गं."

"तुला?"

"का? मला का वाटू नये?" तुझा आवाज चढला. चौथीच्या वर्गातला. "डोळे मिटून बसले की श्वास दिसत नाही, दुखणंच दिसतं. प्रज्ञाचं कॉलेज अर्धं राहिलंय. मला मरायचं नाहीये." मग जरा वेळाने हळू म्हणालीस, "अनित्य आहे म्हणजे दुखणार नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

तू ढकललेली वाटी मी उचलून ठेवली. तू म्हणालीस, "माझ्याकडून काही शिकायला येऊ नकोस इथं. नुसती ये."

तेव्हापासून मी नुसती येत राहिले. कधी तुझे पाय चेपले, कधी शाळेतल्या चहाड्या सांगितल्या. एखाद्या दुपारी तू खरोखरच शांत असायचीस, खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा पाहत पडायचीस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं उधळलेलं. म्हणायचीस, "काल बरं वाटलं होतं ना, तेही गेलं बघ," आणि हसायचीस. मला हसता यायचं नाही. फोटोशी बोलू नकोस, हे तू मला त्यातल्याच एका चांगल्या दुपारी सांगितलंस. मी विचारलं, "मग कुणाशी बोलू?" तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस, मला स्पष्ट आठवतं, तुझ्या मनात काहीतरी तयार होतं. तेवढ्यात प्रज्ञा औषध घेऊन आली. मग तुला झोप लागली. त्यानंतर तू नीट बोलू शकली नाहीस. ते उत्तर काय होतं, विमल? मी दिवसातून कितीदा तरी तुझ्या वतीने वेगवेगळी उत्तरं करून पाहते. त्यातलं एकही तुझ्यासारखं वाटत नाही.

सुनीलदादांचा फोन आला तेव्हा मी फळ्यावर लिहीत होते. अर्धवट शब्द मी पूर्ण केला, खडू ठेवला, मुलांना वाचत बसा म्हटलं. घरी फोन करून आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती ऐकून घेईल आणि फोन ठेवेल. ती म्हणाली, "मना घेऊन जा."

आई गुडघ्यांमुळे गावाबाहेर पडत नाही, तुला माहीत आहे. पण ती आली. तुमच्या घरात पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या, मेणबत्त्या लावलेल्या, उदबत्तीचा वास, कुणीतरी हळू आवाजात वंदना म्हणत होतं. सगळ्यांनी आईला जागा करून दिली. ती तुझ्याजवळ खाली बसली, गुडघे दुखत असूनही, आणि तिने तुझ्या कपाळावर हात ठेवला. पुष्कळ वेळ. मला वाटलं तिला भोवळ येईल. मी खांद्याला हात लावला तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "थंड पडली." मग तुझ्या गालाला हात लावला, हाताच्या बोटांना लावला, जसं काही सगळीकडे तेच आहे का ते बघत होती. "ही गेली, भारते. हात लावून बघितला मी."

आम्ही रिक्षाने परत निघालो. अंजूरफाट्याला नेहमीसारखी गाडी अडकली. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यांना हात लावायला तरी हाय."

तुमच्यात गेलेल्या माणसासाठी पुण्यानुमोदन करतात, त्या दिवशी आईने स्वतःहून तयारी केली, माझ्या आधी. विहारात तुझा फोटो फुलांत ठेवला होता, मी तिकडे पाहिलं नाही. लोक तुझ्याबद्दल बोलले. तुझ्या जुन्या विद्यार्थिनी बोलल्या. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. मग बौद्धाचार्य उठले. त्यांनी तांब्या, वाटी आणि परात पुढे घेतली आणि सांगितलं, "आता हे पाणी ओतायचं ते फक्त विमलताईंसाठी नाही. आपापल्या घरातलं जे जे माणूस गेलंय त्याची आठवण मनात आणा. आपण जे काही चांगलं केलं असेल त्याचं पुण्य त्यांना लाभो, अशी भावना करा."

सुनीलदादा आणि प्रज्ञा परातीपाशी बसले. आणि मागून आईचा आवाज आला.

"भाऊ, नाव घेतलं तर चालंल कं?"

सगळे वळून बघायला लागले. बौद्धाचार्यांनी विचारलं, "कुणाचं, आई?"

तिचे ओठ दोन-तीनदा हलले. मला वाटलं उठावं आणि तिला बाहेर न्यावं.

"रुपेश," ती म्हणाली. "माजा पोर. खाडीत गेला."

"घ्या की," ते म्हणाले. "पुढं या, आई."

प्रज्ञा उठून आली, तिने आईला हाताला धरून परातीपाशी बसवलं आणि तांब्यावर स्वतःच्या हाताशेजारी आईचा हात ठेवला. पालीतलं म्हणणं सुरू झालं. पाणी बारीक धारेने वाटीत पडत होतं, वाटी भरून परातीत उतरत होतं. आई काही पाली म्हणू शकत नव्हती. ती नुसती "रुपेश, रुपेश" म्हणत होती, लहान मुलाला झोपवताना म्हणतात तसं. आणि मग ती रडली, विमल. इतकी वर्षं अडलेलं. बायका जवळ सरकल्या.

मी रडले नाही. मला वाटलं होतं आई एकदा "गेला" म्हणाली की मी सुटेन. तुझं ते वाक्य होतं ना, ती रडल्याशिवाय तुला रडता येत नाही. ती रडली, आणि माझ्या मनात फक्त एकच ओरड चालली होती, आई, पुरे, त्याला असं पाणी देऊ नकोस. शिवाय मला तुझाच राग येत होता. तुझ्याच म्हणण्याप्रमाणे तिकडे कोणी नाही, तर हे पाणी कुणाला? हे तुला विचारायचं राहून गेलं. तू म्हणाली असतीस, ओतणाऱ्याला. किंवा काहीच म्हणाली नसतीस. मला माहीत नाही.

गावात बोभाटा व्हायचा तो झालाच. चुलते आले. "वैनी, आमी इतकी वर्सं सांगत होतो तवा ऐकलं न्हाय. आनि तिकडं त्यांच्यात जाऊन पोराचं पानी सोडून आली?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी सांगत होता. ती बसत होती." चुलते चहा न घेता गेले.

त्या संध्याकाळी तिने भात दोघींपुरताच काढला. कुणी विचारलं तर आता सरळ सांगते, माजा पोर गेला. रडते, मग उठून कामाला लागते. आणि परवा तिने अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट करून मला म्हटलं, "ती गाडी देऊन टाक कोनाला तरी. गंजून जाते."

रुपेशची मोटारसायकल. ताडपत्रीखाली उभी असते.

"राहू दे," मी म्हटलं.

"कशाला?"

विमल, ती गाडी गंजलेली नाही. दर रविवारी सकाळी मी ताडपत्री काढते, पुसते, आणि चालू करून थोडा वेळ तशीच ठेवते, बॅटरी उतरू नये म्हणून. आईला सत्य सांग म्हणून तुझ्याशी भांडणारी मी, तिकडे अंगणात त्याची गाडी चालू स्थितीत ठेवत होते. आणि तू आत बसून बिरडं सोलत असायचीस. तुला आवाज ऐकू येतच असणार. चुलीपासून अंगण किती लांब? तू एकदाही काही बोलली नाहीस. मी हात पुसत आत आले की तू माझ्या वाटणीचे वाल माझ्यासमोर सरकवायचीस. मला वाटायचं तू रविवारी आईसाठी येतेस.

हे कळल्यापासून मी आणखीच अस्वस्थ आहे. आभार मानायला तू नाहीस आणि भांडायलाही नाहीस. सगळं जातं हे तुझं म्हणणं मला समोर दिसतं आहे, लूम गेले, शेतं गेली, रुपेश गेला, तू गेलीस. तरी ते मला पटलेलं नाही. समजणं आणि पटणं यांच्यामध्ये कुठेतरी मी येरझाऱ्या घालते आहे. गाडीचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

आत्ता लिहीत होते तेवढ्यात आई परसातून आली. पदराला हात पुसत मागे उभी राहिली. तिला वाचता येत नाही. "काय लिवतेस?" तिने विचारलं.

"विमलला लिहिते आहे."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "तिला लिव, मना तिचा राग हाय."

"का गं?"

"माजी पाळी आधी होती. ती मधीच घुसली."

डोळे कोरडे होते तिचे. खरोखरच रागावली होती. मी लिहून घेतलं की नाही, याची तिने माझ्या हाताकडे बघून खात्री करून घेतली आणि ती परत परसात गेली.